चाकांवरचे घर आणि चातुर्मासाचा अभ्यास

कार्तिकी पौर्णिमा हा जैन समाजात प्रस्थानाचा दिवस. चार महिने एका स्थानी स्थिरावलेले साधू-साध्वी त्यानंतर पुन्हा विहारास निघतात. चातुर्मासात थांबलेली शत्रुंजयाची यात्रा याच दिवशी पुन्हा सुरू होते. मुरबाड तालुक्यातील धसईसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावातही तोवर पाऊस ओसरलेला असतो, भातकापणीची लगबग असते, रस्ते कोरडे झालेले असतात आणि घराघरांत प्रवासाचे मनसुबे सुरू होतात. त्यांपैकी एक मनसुबा आता व्यापारी कुटुंबांतही बोलला जाऊ लागला आहे. दुकान मुलाच्या व सुनेच्या हाती सोपवावे, चाकांवरचे घर घ्यावे आणि वर्षातील काही महिने तीर्थांच्या वाटेवरच संसार मांडावा.

मनसुबा सुंदर आहे आणि जैन गृहस्थाला सोयीचाही आहे. स्वतःचे स्वयंपाकघर बरोबर असल्याने भोजनाची शुद्धी राखता येते, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकता येते, उकळलेले पाणी हाताशी राहते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अशा गाड्यांविषयीचे कुतूहलही वाढले आहे. पण या मनसुब्यात एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. गाडी कोणती घ्यावी, आत पलंग किती, पडदे कोणत्या रंगाचे, यावर घरात तासन्‌तास चर्चा होते. गाडीची निगा कोण राखणार, यावर होत नाही. आणि रस्त्यावर अडचण येते ती पडद्यांमुळे नव्हे.

व्यापारी समाजाला हे खरे तर नवे नसावे. त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात हेमचंद्राचार्यांनी भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांचा आरंभ एका सार्थवाहापासूनच केला आहे. धन सार्थवाह नगरात दवंडी पिटवून सोबत्यांना बोलावतो, ज्याच्यापाशी भांडी नाहीत त्याला भांडी, ज्याला वाहन नाही त्याला वाहन देण्याचे वचन देतो आणि निघतो. पुढे अरण्यात पावसाळा गाठतो, चिखलात तांडा अडकून पडतो, शिधा संपत येतो. एवढ्या तयारीने निघालेल्यालाही वाट अडवू शकते, हे त्या कथेचे व्यवहारातील तात्पर्य होय. धसई ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या माथ्यावर नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदराहून जुन्नरकडे जाणारा माल याच घाटाने चढत असे. राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही तेथे आहेत. घाट चढणाऱ्या माणसाला जनावराचा खूर, खोगिराचा पट्टा आणि स्वतःची शिदोरी यांची पारख असावीच लागे. पुढे बैलगाडी आली तेव्हा आसाला वंगण घालणे आणि चाकाची धाव ढिली झाली का हे पाहणे घरातल्या पोरासोरांनाही येत होते. मोटार आली आणि ही विद्या गॅरेजवाल्याच्या स्वाधीन झाली.

मोटारीच्या पहिल्या लांब प्रवासाची कथा या बाबतीत बोलकी आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीतील बर्था बेंझ या स्त्रीने पती कार्ल यांनी बनवलेली मोटार घेतली आणि दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइम गाठले. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेचे आवरण झिजले, तेथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले, आणि इंधन संपले तेव्हा औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. तिच्यापाशी दुरुस्तीचे दुकान नव्हते. यंत्र कसे चालते याची समज होती. ती समज निघण्यापूर्वीचीच होती, म्हणून वाटेत कामी आली.

धसईने या सत्याचा एक निराळा अनुभव घेतलेला आहे. नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, हे गाव राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून गाजले आणि येथील दुकानांत कार्ड घासण्याची यंत्रे आली. यंत्र गल्ल्याशेजारी येऊन बसणे ही एका दिवसाची गोष्ट असते. वीज, नेटवर्क, कागदाचे भेंडोळे आणि वापरणाऱ्याचा सराव हे सारे रोज जागेवर असणे ही निराळी गोष्ट असते. तेथे यंत्र बंद पडले तर गिऱ्हाइकाला रोख द्या म्हणता येते. चाकांवरचे घर बंद पडले तर पर्याय समोर उभा नसतो, आणि आत घरची माणसे असतात.

धसईच्या बाजारपेठेतील एखाद्या दांपत्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. शेठ साठीच्या पुढचे, शेठाणी त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. आषाढात गाडी दारात येऊन उभी राहिली आहे, निघायचे आहे कार्तिकी पौर्णिमेनंतर. म्हणजे मध्ये पूर्ण चातुर्मास आहे. स्वाध्यायाचा हा काळ गाडीच्या अभ्यासालाही पुरेसा आहे, आणि धसईचा पाऊस त्या अभ्यासातला पहिला गुरू.

आषाढात पाहायचे ते छप्पर. चालत्या घराचे छप्पर सांध्यांनी भरलेले असते. हवेची खिडकी, सौर पट्टी, तारा आत येण्याची भोके, प्रत्येक ठिकाणी रबर किंवा डिंकासारखे लेपद्रव्य लावून सांधा बुजवलेला असतो. रस्त्याच्या हादऱ्याने आणि उन्हाने ते लेपद्रव्य तडकते. पाणी आत आले की ते लगेच दिसत नाही. पत्र्याच्या आणि लाकडी अस्तराच्या मधून उतरत दूरच्या कोपऱ्यात डाग उमटवते. म्हणून मुसळधार पावसाच्या रात्री गाडीतच झोपावे, विजेरीने प्रत्येक कोपरा पाहावा, गाद्या उचलून खाली हात फिरवावा. ओल राहिली तर बुरशी धरते, आणि एकदा बुरशी धरलेल्या ठिकाणी साफसफाई करताना किती जीवांचा घात होतो हे जैन घरात सांगावे लागत नाही. सांधा वेळीच बुजवला तर तो प्रसंगच येत नाही.

पावसाबरोबरच पाण्याच्या टाकीचाही विचार करावा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. टाकी भरून निघणारा माणूस एका धडधाकट प्रवाशापेक्षा जास्त भार घेऊन निघतो. टाकीत शिळे पाणी साठवून ठेवू नये. मुक्काम संपला की टाकी रिकामी करावी, ठरावीक काळाने धुवावी, आणि भरताना घरच्याप्रमाणेच जाड, दुहेरी कापडाने पाणी गाळूनच भरावे. जी गोष्ट आजवर धर्म म्हणून केली तीच येथे पंपाची जाळी तुंबण्यापासूनही वाचवते. सांडपाण्याची टाकी ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर उघडण्याचा मोह तर कधीच होऊ देऊ नये.

श्रावण हा विजेचा महिना मानावा. व्यापाऱ्याला वीज समजायला अवघड नाही, कारण ती जमाखर्चासारखी आहे. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी म्हणजे बाराशे वॅट-तासांचे भांडवल. पण शिशाच्या बॅटरीतील निम्म्याहून अधिक शिल्लक नित्य उपसली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे खर्चाला मोकळे सहाशेच. आता खर्चाची बाजू मांडावी. तीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर २४० वॅट-तास. वीस वॅटचे दिवे चार तास लावले तर ८०. दोन मोबाइलांना सुमारे ४०. एवढ्यात ३६० झाले. छोटा फ्रीज दिवसाकाठी आणखी तीनशे-चारशे सहज घेतो, आणि खाते तोट्यात जाते. मग एकतर बॅटरी वाढवावी, छपरावर सौर पट्टी बसवावी, नाहीतर फ्रीजच सोडून द्यावा. ज्या घरात शिळे अन्न वर्ज्य आहे, ज्या डब्यात खाकरे, सुका नाश्ता आणि डाळी आहेत, त्या घराला हा शेवटचा मार्ग फारसा जड जाऊ नये. असा हिशेब दारात उभ्या गाडीत आठ दिवस रोज मांडावा. विसावलेल्या बॅटरीवर व्होल्टमीटर १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.१ च्या सुमारास आला की निम्मी संपली, एवढे दोन आकडे शेठाणींच्याही तोंडपाठ असावेत.

फ्यूजविषयी एक कठोर नियम आहे. तो उडाला तर तेवढ्याच क्षमतेचा नवा घालावा. तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम कधीच भागवू नये. फ्यूज हा वाटेतला अडथळा नसून पहारेकरी आहे. तो वारंवार उडत असेल तर दोष दुसरीकडे आहे, आणि पहारेकऱ्याचे तोंड बांधले तर पुढची पाळी आगीची असते.

श्रावणाच्या अखेरीपासून भाद्रपदापर्यंत पर्युषण आणि दशलक्षण पर्वांचे दिवस येतात. त्या काळात गाडी बाजूला राहावी हेच योग्य. पर्व उरकल्यावर स्वयंपाकघराकडे वळावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो गळला तर उंबऱ्याखालून बाहेर जायला वाट असते. बंद गाडीत तो तळाशी साचून राहतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी झडप असलीच पाहिजे आणि तिच्यापुढे पिशव्या रचता कामा नयेत. नळी व सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून पाहण्याचा विचारही मनात आणू नये. गाडी चालू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद, हा नियम दरवाजा लावण्याइतका अंगवळणी पडावा. शेगडी पेटलेली असताना एक खिडकी उघडी असावी आणि थंडी कितीही असली तरी शेगडीवर गाडी ऊबदार करू नये, कारण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या आगीतून निघणारा विषारी वायू वासाने कळत नाही.

याच महिन्यात एक गोष्ट ठरवायची आहे. गाडीचे सारे ज्ञान शेठांपाशी आणि स्वयंपाकाचे सारे ज्ञान शेठाणींपाशी, अशी वाटणी घरात चालते. रस्त्यावर चालत नाही. रात्री दोन वाजता शेठांच्या छातीत दुखू लागले तर गॅसची चावी कोठे, मुख्य वीज तोडणारा खटका कोठे, अग्निशामक कोणत्या बाजूला आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, गाडी कोणत्या गावाजवळ उभी आहे, हे शेठाणींना अंधारात सांगता आले पाहिजे. त्या स्वतः गाडी चालवू शकत असतील तर फारच उत्तम. म्हणून एका संध्याकाळी शेठांनी गप्प बसावे आणि सारी गाडी शेठाणींनी उघडून, बंद करून दाखवावी. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक शेठांनी करावा. दोन्ही परीक्षांत हसू येईल, आणि दोन्ही उपयोगी पडतील.

आश्विन महिना चाकांचा. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते. २४२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालच्या चोविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर नियमाने बाद आहे. पण चालत्या घराच्या बाबतीत बहुधा उलटे घडते. गाडी कमी फिरते, नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र उभ्या उभ्या म्हातारे होते. पाच-सहा वर्षांच्या टायरला बाजूने बारीक भेगा पडल्या आहेत का हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी. शिवाय गाडी सामानासह वजनकाट्यावर नेऊन तिचे खरे वजन काढावे आणि नोंदणीपत्रातील कमाल वजनाशी ताडून पाहावे.

अशा वेळी गावातल्या मिस्त्रीशी होणारे बोलणे साधारण या धाटणीचे असते.

“शेठ, तुम्ही कशाला हात काळे करता? मी आहे ना.”

“तुम्ही धसईत आहात, मिस्त्री. गाडी शिखरजीच्या वाटेवर बसली तर तुम्हाला कुठून आणू? आज चाक मीच बदलतो. तुम्ही नुसते उभे राहा आणि चुकलो की सांगा.”

“मग आधी जॅक काढा बाजूला. गाडी उताराला आहे. पहिल्यांदा चाकाला दगड लावायचा, नट थोडे सैल करायचे, जॅक नंतर.”

मिस्त्रीने सांगितलेली ही तीन वाक्ये शेठांनी मुकाट्याने ऐकावीत. आयुष्यभर पेढीवर बसून हुकूम सोडणाऱ्याला रस्त्याकडेला गुडघे टेकून दुसऱ्याचे ऐकणे जड जाते. पण म्हसा येथील खांबलिंगेश्वराच्या यात्रेत बैल घेणारा शेतकरी दात पाहतो, खूर दाबतो, जनावर चालवून पाहतो आणि शंका आली तर शेजारच्या जाणत्याला विचारतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

पाऊस पूर्ण ओसरला की खरी चाचणी घ्यावी. धसईहून मुरबाडला येऊन नगरकडे जाणारा महामार्ग धरावा, टोकावडे मागे टाकून माळशेज चढावा, घाटमाथ्यावर एक रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी उजेडात उतरावे. चढताना इंजिनाच्या तापमानाचा काटा कळतो, उतरताना ब्रेक कळतात. भारी गाडी उतारावर सतत ब्रेक दाबून उतरवली की ब्रेक तापतात आणि पाय दाबूनही गाडी थांबेनाशी होते. त्यामुळे उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, वेग इंजिनाने रोखावा, ब्रेक गरजेपुरता आणि सोडून सोडून दाबावा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे कमी तापमानाला उकळू लागते. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, ते बदललेच पाहिजे. कोकणाच्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीला तर हे अधिकच लागू आहे. या एका फेरीत कपाटाचे कोणते दार उघडते, कोणता डबा सांडतो, कोणता नट ढिला होतो, सारे उघड होते. आणि घर अजून दोन-तीन तासांवर असते.

दिवाळीत वहीपूजन होईल तेव्हा नव्या वह्यांच्या शेजारी एक वही गाडीचीही ठेवावी. तारीख, मीटरवरचे किलोमीटर, काय तपासले, काय बदलले, किती खर्च झाला, पुढे केव्हा पाहायचे, एवढे रकाने पुरेत. त्याच वहीच्या पाकिटात नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि परवाना असावा. जुनी प्रवासी गाडी घेऊन स्थानिक कारागिराकडून आत पलंग-ओटे बसवून घेणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. निवासी गाड्यांसाठी ए.आय.एस. १२४ हे स्वतंत्र मानकही आहे. काम सुरू करण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करावी. हलक्या वाहनाच्या परवान्याची मर्यादा एकूण ७,५०० किलो वजनाची आहे, हेही वजनकाट्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावे.

इतके सारे वाचून एखाद्याला वाटेल की यात्रेला निघायचे की कारखाना चालवायचा. पण जैन गृहस्थाच्या कानावर एक शब्द लहानपणापासून पडत आलेला असतो, जयणा. कोणी त्याला यतना म्हणतात, कोणी यत्नाचार. चालताना, बोलताना, आहार घेताना, वस्तू उचलता-ठेवताना आणि टाकाऊ पदार्थ टाकताना राखायची दक्षता साधूंसाठी पाच समित्यांच्या रूपाने सांगितली आहे. गृहस्थ ती आपल्या शक्तीप्रमाणे पाळतो. चाकांवरच्या घरातील कामांची यादी काढली तर याहून फार निराळी निघत नाही. पाहून चालणे, शुद्ध आहार, हत्यारे जागच्या जागी, सांडपाणी योग्य ठिकाणी. ज्याला गाडीची निगा ओझे वाटते त्याने तिच्याकडे या नजरेने पाहावे. ब्रेक नीट ठेवणारा केवळ स्वतःला वाचवत नाही. उतारावर समोरून येणाऱ्या सायकलस्वारालाही, रस्ता ओलांडणाऱ्या गुरांनाही वाचवतो.

चातुर्मासाच्या शेवटी आणखी एक शक्यता उरते आणि तिचाही मान राखला पाहिजे. चार महिने अभ्यास करून एखादे दांपत्य ठरवील की हे जमणारे नाही. गुडघे साथ देत नाहीत, रात्री गाडीत झोप लागत नाही, विजेचा हिशेब डोक्यात राहत नाही. अशा वेळी गाडी विकून रेल्वेने पालिताण्याला जावे. धर्मशाळा आहेत, भोजनशाळा आहेत, यात्रेत काही उणे पडत नाही. शिकून घेतलेला नकार हा वाटेत अडकल्यावर आलेल्या पश्चात्तापापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. मुलासुनेच्या मनातली धास्तीही तेवढ्याने मिटते, कारण आईबापांचा निर्णय हौसेचा नसून पारखून घेतलेला आहे हे त्यांना दिसते.

आणि निघायचेच ठरले, तर कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या एखाद्या सकाळी धसईच्या दारात उभ्या गाडीभोवती शेठाणी एक फेरी मारतील. चारही टायर, गाडीखाली तेलाचा डाग, गॅसची चावी, छपराची खिडकी, दरवाज्याची कडी. मग वहीत तारीख आणि किलोमीटर लिहितील, आणि शेठांना म्हणतील, “चला.”